कोबुगाबेचा डबल स्टँड

५ जून, सोमवार

या वहीत बाम्विनेच्या गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवा, असं नर्सनं सांगितलं होतं. पहिली चार पानं तशी भरली. आता गोळ्या संपल्या. नवऱ्याच्या पायाचं प्लॅस्टर ऑगस्टपर्यंत राहणार आहे आणि वही बरीच कोरी आहे. तेव्हा पुढचं माझं मी लिहिते. माणसांना काही सांगितलं की ती "सोसून घे" म्हणतात. वही निदान तेवढं तरी म्हणत नाही.

आज दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर कागुरुसीनं कागद लावला. तो तिथला व्यवस्थापक. एकोणीस तारखेपासून साईड स्टँडवर लावलेली मोटरसायकल आवारात चालणार नाही. डबल स्टँड हवाच. आणि भरल्या कॅनसकट गाडी स्टँडवर चढवायची ती चालवणाऱ्यानं एकट्यानं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

आमच्या केंद्रावर तेवीस गाड्या दूध आणतात. बावीस गाड्यांना डबल स्टँड आहे. तेविसावी माझी, कोबुगाबेची.

एप्रिलमध्ये बाम्विनेचा पाय मोडला तो ह्याच आवारात. चिखलात साईड स्टँड रुतला आणि गाडी दोन भरलेल्या कॅनसकट त्याच्या अंगावर आली. तेव्हा कुणी कागद लावला नाही. सहा आठवडे मी दूध आणतेय, तेव्हा कागद लागला.

मुगुम्या माझ्या शेजारीच उभा होता. घरोघरचं दूध गोळा करायची त्याची वाट आमच्या वाटेला लागून आहे. तो म्हणाला, "वहिनी, नियम सगळ्यांना सारखाच." आणि माझ्या कॅनकडे असं बघितलं की जणू ते आतापासूनच त्याच्या गाडीला बांधलेत. तीन दिवस दूध पोचलं नाही की माझ्या वाटेवरची अकराही घरं शेजारच्या वाटेवाल्याकडे जातात, हे त्याला माहीत आहे आणि मलाही.

६ जून, मंगळवार

घरी सांगितलं. सासूबाई दूध साठवायच्या पोकळ भोपळ्याला धुरी देत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि परत धूर धरला. बाम्विने दारात पाय लांब करून बसला होता. म्हणाला, गाडी विकून टाक. मी विचारलं, मग दूध? म्हणाला, मुगुम्या नेईल, आपल्या गायींचंही नेईल.

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि गाडीकडे तर नाहीच. मी गाडी पुसायला घेतली की तोंड फिरवून बसतो. आपली गाडी बायको चालवते, हे त्याला आत टोचतंय. टोचू दे. मी काही गाडी त्याच्याकडून हिसकावून घेतली नाही. ती त्याच्या अंगावर पडली होती, मी उचलली.

७ जून, बुधवार

दूध टाकून बाजारातल्या कातेराकडे गेले. सगळ्या गाड्या तोच दुरुस्त करतो. डबल स्टँड बसवायचाय म्हटल्यावर म्हणाला, नवऱ्याला पाठव, त्याच्याशी बोलतो. मी म्हटलं, नवऱ्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. म्हणाला, मग बरा झाला की पाठव. मी एकोणीस तारीख सांगितली. तो शेजारच्या माणसाकडे वळून हसला. "बायांना आता डबल स्टँड पाहिजेत." तो माणूसही हसला. मला मुद्दाम ऐकू जाईल इतपत.

तिथून थेट भंगारवाल्याच्या वाड्यात शिरले. आमच्यासारखीच एक गाडी तिथे पडली होती, पुढून पार चेचलेली. खालचा स्टँड शाबूत होता. गंज होता, पण पाय सरळ. दोन्ही पाय सपाट दगडावर ठेवून पाहिले, डुगडुगला नाही. भंगारवाल्यानं तो सोडवून दिला, आणि दोन स्प्रिंगाही शोधून दिल्या. विचारलं, बसवणार कोण? मी म्हटलं, मी.

बोलून गेले. मी आजवर चेनला तेल घातलंय आणि प्लग पुसलाय, बस.

९ जून, शुक्रवार

आज दुपारी सुरुवात केली. गाडी अव्होकाडोच्या झाडाला बांधली, हँडल दोन बाजूंनी दोरानं ताणलं, इंजिनाखाली सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट सरकवला आणि वर जुना टायर. मागचं चाक जमिनीपासून सुटलं. मग पोतं अंथरून खाली आडवी झाले.

गाडीच्या चौकटीला खाली दोन कान आहेत, भोकं असलेले. स्टँड तिथेच बसतो. डाव्या कानाचं भोक मोकळं. उजव्यात गंजलेल्या बोल्टचा तुकडा अडकलेला, करवतीनं कापलेला. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत पडून राहिले. गाडीला स्टँड नव्हताच, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. होता. कुणीतरी काढला होता.

बाहेर येऊन बाम्विनेला विचारलं. त्यानं लपवलं नाही.

"मीच काढला. नदीच्या पुलावर खालून घासायचा, वजनही कमी होईल म्हटलं. तीन वर्षं झाली."

"म्हणजे स्टँड असता तर..."

"हो," तो म्हणाला. "असता तर पाय मोडला नसता. मला माहीत आहे."

सहा आठवडे मी पहाटे उठून अकरा घरं फिरतेय, बाया हसतात, पुरुष हसतात, आणि कारण काय तर एका घासणाऱ्या लोखंडाचा आवाज ह्याला नको होता. त्याचं ताट सासूबाईंच्या हाती पाठवलं. त्यानं नाचणीचा गोळा तसाच परत केला. रुसायचा हक्कही ह्यालाच.

११ जून, रविवार

चर्चला एकटीच गेले. सगळ्यांनी बाम्विनेच्या पायाची चौकशी केली. माझ्या पाठीची कुणी केली नाही.

बोल्ट अजिबात हलत नाही. रॉकेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, पक्कड घसरून बोटाचं कातडं गेलं. घरी कुणाशी बोलत नाही, ते एक बरं आहे. दम वाचतो.

१२ जून, सोमवार

पुन्हा तेच. मनगट सुजलंय. केंद्रावर मुगुम्यानं विचारलं की माझी अकरा घरं रस्त्यालगतची किती आणि आतली किती. मी म्हटलं, मोजून सांगते, एकोणीसनंतर.

घरी येऊन वाटलं की सोडून द्यावं. हे लिहून ठेवते, कारण खोटं कशाला लिहू. अख्खी दुपार तसं वाटत होतं.

१३ जून, मंगळवार

दूध टाकून आले तर बोल्ट ओला होता. ताज्या रॉकेलनं. भोवतीचा गंजही कुणीतरी खरवडलेला. मी सकाळी काहीच लावलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, माझे गुडघे वाकतात का तिथं जायला? त्यांना केलेलं काम कबूल करायची सवयच नाही. कालवडीला औषध पाजलं तरी नाही म्हणतात.

बोल्टवर खिळा धरून ठोकला. सातव्या आठव्या ठोक्याला तो आत सरकला. इतका हळू की मला वाटलं भास झाला. आणखी ठोकला. टणकन क्रेटवर पडला.

मी पोत्यावर तशीच पडून राहिले. वर गाडीचं पोट, त्यावर चिखल. खूप दिवसांनी हसू आलं. बाम्विने दारातून म्हणाला, "निघाला?" एवढंच. चार दिवसांत पहिला शब्द. मी "हो" म्हटलं. माझाही पहिलाच.

१५ जून, गुरुवार

स्टँडच्या भोकांतल्या छोट्या नळ्या, म्हणजे बुश, झिजलेले निघाले. बोल्ट आत ढिला खेळायचा. तुपाच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळी केली आणि आत बसवली, दोनदा बोट कापून घेतल्यावर नीट मापात आली. ग्रीस भरलं. स्टँड खालून धरायचा आणि त्याच वेळी बोल्ट सरकवायचा, ह्याला तीन हात लागतात. मी गुडघा वापरला. साडेतीनला स्टँड लागला, लोंबकळायला लागला. आता फक्त स्प्रिंगा, असं मनात म्हटलं.

फक्त.

स्प्रिंग बोटभर लांबीची, आणि चौकटीच्या आकड्यापर्यंत पोचायला दोन बोटं कमी. पक्कडीनं ओढली, तारेनं ओढली, पाय चौकटीला लावून ओढली. तिसऱ्या वेळी सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत खोक पाडून थांबली. सासूबाई बाहेर आल्या, खोक पाहिली, आत गेल्या.

"ओढू नकोस," बाम्विने म्हणाला. "वाकव. वाकवली की एका बाजूनं वेढे उघडतात. त्यात वायसर घाल. मग दुसऱ्या बाजूला वाकव, तिथंही घाल. इकडे आण."

मी त्याच्यासमोर स्प्रिंगा आणि वायसरांची डबी ठेवली. त्याचे हात अजून तेच आहेत. पाय बांधलेला असला तरी बोटांना काही झालेलं नाही. तो दाराच्या चौकटीला स्प्रिंग टेकवून वाकवत होता आणि एकेका फटीत वायसर सरकवत होता. काम संपलं तेव्हा स्प्रिंग ताठ आणि लांब झालेली, काडीसारखी. मी नेली आणि सहज आकड्यात अडकवली. दुसरीही. स्टँडला पायानं खाली दाबलं तसे वायसर पटापट निसटून पडले, आणि स्प्रिंगांनी स्टँड खेचून धरला.

इतके दिवस हे त्याला माहीत होतं आणि बोलला नाही. आज बोलला, कारण भिंतीला खोक पडली. ठोकाठोकीचा त्रास होत असणार, दिवसभर घरात बसलेल्या माणसाला.

तरी मी त्याच्यासाठी दुधाचा चहा टाकला.

१६ जून, शुक्रवार

स्टँड वर जाताना सायलेन्सरवर आपटतो. रबराचा ठोकळा हवा, तो भंगारातच राहिला. टायरच्या जुन्या चपलेची टाच कापली आणि तारेनं बांधली. आता आवाज येत नाही. उद्या कॅनमध्ये पाणी भरून चढवून बघेन.

१७ जून, शनिवार

चढत नाही.

दोन कॅन पाण्यानं भरले. सीटमागचा दांडा धरून जीव खाऊन ओढलं. गाडी जागची हलली नाही. पाच वेळा. सहाव्यांदा पाठीत कळ आली आणि मी खाली बसले.

सगळं बसवलं. बोल्ट, बुश, स्प्रिंग, चपलेची टाच. आणि आता माझ्यातच बळ नाही. मग कातेरा बरोबर, मुगुम्या बरोबर, तो कागदही बरोबर.

बाम्विने दारातून उठला होता. कुबड्या काखेत घेऊन अर्ध्या अंगणापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे आला नाही. चेहरा घामानं डबडबलेला. कुबड्यांवर चालायची सवय नाही त्याला. "आज पुरे कर," म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत वळला.

१८ जून, रविवार

आज चर्चला गेलेच नाही.

सकाळी पुन्हा ओढत होते. सासूबाई गाय बांधून आल्या आणि भिंतीला टेकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाय मागं सरत नसली तर तू तिला हातानं ओढतेस का?"

मी म्हटलं, नाही, अंग टाकते तिच्यावर.

"मग?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी स्टँडच्या त्या बाहेर आलेल्या पट्टीकडे बघितलं. आतापर्यंत पाय तिथे नुसता ठेवला होता. आता स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला भिडलेत की नाही ते बघून मी तिच्यावर उभीच राहिले. अख्खं अंग, टाचेवर. हात फक्त सरळ धरले. गाडी आपणहून मागे सरकली, वर चढली आणि खळकन बसली. पाण्याचे दोन कॅन शांत. मागचं चाक हवेत.

मग मी ती ढकलून खाली काढली आणि पुन्हा चढवली. बावीस वेळा. केंद्रावरच्या बाकी प्रत्येक गाडीसाठी एकदा.

बळ नाही, वजन लागतं. वजन माझ्याकडे आहे. चार घास जास्त खाते म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली मी.

१९ जून, सोमवार

आज सगळं नीट लिहिते.

आवारात पोचले तेव्हा रांग होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, ह्यावरूनच कळलं की सगळे माझीच वाट बघतायत. कातेराही आला होता, त्याचं केंद्रावर काय काम? कागुरुसी दुधाची घनता मोजायची नळी हातात घेऊन ओट्यावर उभा.

मी उतरले, स्टँड पायानं खाली घेतला, दोन्ही पाय जमिनीला लागल्याची खात्री केली आणि उभी राहिले. ओल्या मातीवर मागचं चाक घसरलं. गाडी परत खाली आली, डावा कॅन कलंडला. मुगुम्या दोन पावलं पुढे झाला.

"हात लावू नका," मी म्हटलं. "कागद वाचा."

तो थांबला. मी गाडी हातभर पुढे घेतली, जिथे खडी होती. पुन्हा उभी राहिले. पट्टीवर, टाचेवर, सगळं अंग. गाडी वर गेली.

मी पट्टे सोडले, डावा कॅन उतरवला, उजवा उतरवला. गाडी हलली नाही. कागुरुसीनं नळी माझ्या दुधात घातली आणि रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ बघत राहिला. दूध पास झालं. ते काय मी बिघडवणार होते?

माझ्यामागे मुगुम्या होता. त्यानं रोजच्या सवयीनं हाक मारली आणि त्याचा दोस्त मागून गाडी उचलायला आला. मी अजून गेले नव्हते.

"कागुरुसीभाऊ," मी म्हटलं, "दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असं लिहिलंय ना?"

कागुरुसी कागदाकडे बघायला लागला, जणू तो दुसऱ्याच कुणी लावलाय. मुगुम्याच्या दोस्तानं हात काढला. मुगुम्यानं एकट्यानं ओढलं. हातानं ओढलं, सगळ्या पुरुषांसारखं. चार वेळा. त्याच्या मागच्यालाही जमेना, त्याच्याही मागच्याला नाही. तेवीस गाड्यांतल्या सहा चढल्या. दूध उन्हात तापायला लागलं, रांग फाटकाबाहेर गेली, गाडीवाले ओरडायला लागले. शेवटी कागुरुसीनंच ओट्यावरून उतरून मुगुम्याची गाडी मागून उचलली.

कातेरा मला म्हणाला, "बुशला काय घातलंस?" मी म्हटलं, नवऱ्याला पाठवते, त्याच्याशी बोल.

२० जून, मंगळवार

भिंतीवरचा कागद गेला. चार कोपऱ्यांचे खिळे तेवढे राहिलेत.

२४ जून, शनिवार

कागद गेला तर फॉर्म आला. कागुरुसी म्हणतो, नोंदवहीत बाम्विनेचं नाव आहे. ऑगस्टमध्ये तो परत येणार असला तर तसं लिहून द्या. नसला तर वाट तुमच्या नावावर करून देण्याची त्याची सही आणा. अर्धी वाट, उसनं नाव असं चालणार नाही. ह्या वेळी त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

फॉर्म तीन दिवस वहीत ठेवलाय. काय लिहिलं जाईल ते मला ठाऊक आहे. पाय बरा होईल, गाडीला आता स्टँडही आहे, माझ्या हातचा. चढून बसायला आयता तयार.

सासूबाई म्हणाल्या की मी पहाटे गेले की बाम्विने दारात येऊन बसतो आणि मी येईपर्यंत चहालाही हात लावत नाही. दारात पाय लांब करायला जागा जास्त आहे, म्हणून बसत असेल. चहा गार होतो तर पुन्हा गरम करावा ना.

२७ जून, मंगळवार

आज दुपारी फॉर्म बाम्विनेसमोर ठेवला. भांडणाची सगळी तयारी मनात करून ठेवली होती. तो तोंड उघडण्याआधीच बोलले.

"प्लॅस्टर निघालं तरी मी गाडी परत देणार नाही. अकरा घरांच्या बाया आता मला ओळखतात. पुलाच्या पलीकडची आणखी दोन घरं दूध द्यायला तयार आहेत, तुला नाही, मला. तू गायी बघ, किंवा काय हवं ते कर. गाडी माझी आहे."

आवाज चढला होता माझा. सासूबाई आतून ऐकत होत्या, हे भोपळ्यांचा आवाज थांबल्यावरून कळलं.

त्यानं फॉर्म वाचला. दोनदा वाचला. मग अंगणात पाहिलं, गाडी डबल स्टँडवर उभी होती तिकडे. लग्नाला सतरा वर्षं झाली, तो भांडणाशिवाय काही सोडत नाही हे मला माहीत आहे. मी वाट बघत होते.

"मला पुन्हा बसायचं नाही तिच्यावर," तो म्हणाला. "पेन दे."

मला आधी कळलंच नाही. मग वाटलं, हा टोमणा आहे. मी म्हटलं, नको बसू. त्यानं सही केली. सही वाकडी आली, खूप दिवस पेन धरलं नाही म्हणून असेल. कागद माझ्याकडे देताना त्यानं तो पटकन सोडला नाही.

"एक काम करशील?"

आली अट, मी मनात म्हटलं. घरं वाढवू नकोस, पुलापलीकडे जाऊ नकोस, मुगुम्याशी वाद घालू नकोस, ह्यातलं काहीतरी. कुठलीच मान्य करणार नव्हते.

"परत येताना वडाच्या वळणावर हॉर्न वाजवत जा," तो म्हणाला. "रोज. तिथून इथपर्यंत ऐकू येतो."

बस, एवढंच. पुरुषाला काहीतरी अट घातल्याशिवाय हार मानता येत नाही. फाटक वेळेवर उघडून ठेवायचं असेल, किंवा सासूबाईंना चहा टाकायला सांगायचं असेल. मी कारण विचारलं नाही. फॉर्म घडी करून वहीत ठेवला, ह्याच पानात.

उद्यापासून तेरा घरं. पूल ओलांडून जायचं, म्हणजे अर्धा तास आधी निघायला हवं.

हॉर्न वाजवीन. हॉर्न वाजवायला काय जातं.